हार्डविक हॉल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडमधल्या जुन्या घरांबद्दल लिहायला लागल्यापासून एका घराबद्दल सर्वाधिक प्रश्न येतात, ते म्हणजे डर्बीशायरमधलं हार्डविक हॉल. तिथे जाऊन आलेले विचारतात, जाणार असलेले विचारतात, आणि नुसता फोटो बघून चक्रावलेलेही विचारतात. तेच तेच प्रश्न एकत्र करून इथे उत्तरं दिली आहेत. सोपे प्रश्न आधी घेतले आहेत, अवघड पुढे. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हे घर नेमकं कुठे आहे आणि कधीचं आहे?

मध्य इंग्लंडमध्ये, डर्बीशायर परगण्यात, चेस्टरफील्ड गावापासून जवळ एका टेकडीच्या कडेवर. एम-वन महामार्गावरून जाताना ते वर दिसतं. नॉटिंगहॅम, डर्बी, शेफील्ड या भागात राहणाऱ्यांना एका दिवसात निवांत जाऊन येता येतं. बांधकाम १५९० मध्ये सुरू झालं आणि मालकीण ऑक्टोबर १५९७ मध्ये राहायला आली. म्हणजे राणी पहिल्या एलिझाबेथच्या कारकिर्दीची अखेरची वर्षं.

२. 'हॉल' म्हणजे काय? तिथे समारंभ व्हायचे का?

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका, यात इंग्लिश घराचा निम्मा इतिहास आहे. मध्ययुगात सरदाराच्या घरात एक प्रचंड खोली असायची. धनी, पाहुणे, शिपाई, नोकर सगळे तिथेच जेवायचे, काही तिथेच झोपायचे. ती खोली म्हणजे हॉल. घराची ओळखच त्या खोलीवरून, म्हणून सगळ्या घरालाच 'अमुक हॉल' म्हणायची पद्धत पडली. पुढे धनी मंडळी वरच्या मजल्यावर आपल्या खासगी खोल्यांत जेवू लागली आणि हॉल उरला नोकरांच्या जेवणाला आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना. त्याचा मान पार उतरला. आपल्या 'टू बीएचके'मधला 'एच' हा त्याच खोलीचा दूरचा वारसदार आहे, फक्त त्यात आता टीव्ही आणि सोफा आहे.

हार्डविकमधला हॉल या बदलाच्या ऐन मध्यावरचा. दोन मजले उंच आहे, शेकोटीच्या वर हार्डविक घराण्याचं चिन्ह दोन हरणांसह गिलाव्यात काढलंय, पण मालकीण इथे जेवत नसे.

३. कंट्री हाउस म्हणजे फार्महाउसच ना?

नाही. शेतीचं उत्पन्न त्यामागे असतं, पण घर शेतकऱ्याचं नसतं. हजारो एकर जमिनीचा खंड गोळा करणाऱ्या घराण्याचं ते मुख्य ठाणं असतं. लंडनमध्ये वेगळं घर, आणि सत्तेचं खरं प्रदर्शन गावाकडे. किल्लाही नव्हे. हार्डविकच्या भिंतीला एवढ्या काचा आहेत की नुसते दगड मारून घर जिंकता आलं असतं.

४. बांधणारी 'बेस ऑफ हार्डविक' कोण होती?

एलिझाबेथ हार्डविक ('बेस' हे एलिझाबेथचं लघुरूप), जन्म साधारण १५२७, याच टेकडीवरच्या एका मध्यम जमीनदाराच्या घरात. लग्नं चार झाली: रॉबर्ट बार्लो, सर विल्यम कॅव्हेंडिश, सर विल्यम सेंट लो आणि अखेरीस श्रूजबरीचा सहावा अर्ल (अर्ल म्हणजे सरदारकीचा एक किताब) जॉर्ज टॅलबट. दर वेळी विधवा झाल्यावर तिची मिळकत आधीपेक्षा वाढलेली असे. मुलं फक्त कॅव्हेंडिशपासून झाली. शेवटी शेवटी राणीच्या खालोखाल इंग्लंडमधली सर्वांत श्रीमंत बाई म्हणून तिचं नाव घेतलं जाई. १६०८ मध्ये ती वारली.

तिच्याबद्दल लिहिणारे बहुतेक जण नवऱ्यांच्या मोजणीतच रमतात. मला तिच्या हिशेबाच्या वह्या जास्त बोलक्या वाटतात. गवंड्याला किती, दगड फोडणाऱ्याला किती, सगळं नोंदलेलं, आणि पानाखाली तिची स्वतःची सही.

५. शेजारी एक पडकं घर दिसतं. ते कुणाचं?

तिचंच. त्याला ओल्ड हॉल म्हणतात. चौथ्या नवऱ्याशी बिनसल्यावर बेस १५८४ मध्ये चॅट्सवर्थ, म्हणजे डर्बीशायरमधलंच तिचं दुसरं मोठं घर, सोडून माहेरी, हार्डविकला आली. भाऊ कर्जबाजारी होऊन वारला होता, ती मालमत्ता तिने १५८३ मध्ये विकत घेतली होती. १५८७ पासून ती जुनं घर वाढवत गेली, जोड देत, तुकड्यातुकड्याने. ते पुरं व्हायच्या आतच १५९० च्या शरदात हाकेच्या अंतरावर नव्या घराचा पाया खणायला घेतला. त्याच वर्षी नोव्हेंबरात अर्ल वारला आणि पैशाची वाट पूर्ण मोकळी झाली.

दोन्ही घरं काही काळ एकत्र नांदली. जुन्यात पाहुणे आणि नोकरचाकर उतरत. अठराव्या शतकात जुन्याचं छप्पर आणि सामान काढायला सुरुवात झाली आणि ते उघडं पडलं. तरीही वरच्या मजल्यावरच्या हिल ग्रेट चेंबर या मोठ्या दालनात शेकोटीवर गिलाव्याचे दोन राक्षस उभे आहेत, ते चुकवू नका. जुनं घर आधी बघा, मग नवं. एकाच बाईचं काही वर्षांतलं शिकणं डोळ्यांनी दिसतं.

६. आर्किटेक्ट कोण होता?

रॉबर्ट स्मिथसन. पण 'आर्किटेक्ट' हा आजच्या अर्थाचा धंदा तेव्हा नव्हता. स्मिथसन मूळचा पाथरवट. लाँगलीट या दुसऱ्या मोठ्या घरावर काम केलं, मग नॉटिंगहॅमजवळ वोलाटन हॉल उभं केलं (१५८० ते १५८८). वोलाटनच्या चर्चमधल्या त्याच्या थडग्यावर मात्र तो वास्तुरचनाकार असल्याचं कोरलंय, आणि इंग्लंडमध्ये हा शब्द स्वतःला लावून घेणाऱ्या पहिल्या काही लोकांत तो मोडतो. १६१४ मध्ये वारला, वय ७९.

हार्डविकचा आराखडा त्याचा, देखरेख रोजची त्याची नव्हती. आराखडा आला की बेस आणि तिची माणसं त्यात आपल्याला हवं ते करत. दगडकाम रोड्स बंधूंचं, संगमरवर आणि अलाबास्टर या मऊ पांढुरक्या दगडाचं काम थॉमस ॲक्रिसचं, गिलाव्यातली शिल्पं एब्राहम स्मिथची, रंगकाम जॉन बेलशूचं, ज्याला वहीत सरळ 'जॉन पेंटर' म्हटलंय. बेसच्या १५९७ च्या हिशेबात स्मिथसनला दिलेल्या २० शिलिंगांची नोंद आहे. इंग्लंडच्या सर्वांत देखण्या घरांपैकी एकाच्या रचनाकाराची ती बिदागी!

७. छतावर ES अशी अक्षरं आहेत. ती राणी एलिझाबेथची का?

नाही. राणीची असती तर ER असती, म्हणजे 'एलिझाबेथ रेजिना', राणी एलिझाबेथ. ES म्हणजे एलिझाबेथ श्रूजबरी, खुद्द मालकीण. सहाही मनोऱ्यांच्या माथ्यावर दगडी जाळीत ही अक्षरं, वर काउंटेसचा, म्हणजे अर्लच्या बायकोचा मुकुट. चारही बाजूंनी, मैलभरावरून वाचता येतील अशी. घरावर नावाची पाटी आपणही लावतो, पण ही पाटी आकाशात लावलेली.

८. आराखड्यात एवढं विशेष काय आहे?

दोन गोष्टी. पहिली, बाह्याकृती: एक लांबट आयत, त्याला सहा मनोरे चिकटवलेले. लांब बाजूंना दोन-दोन, आखूड बाजूंना एक-एक. तुम्ही घराभोवती चालायला लागलात की हे मनोरे एकमेकांमागे लपतात, पुन्हा सुटे होतात, कधी दोन दिसतात, कधी चार. घर तेच, पण छायाचित्र दर दहा पावलांवर वेगळं.

दुसरी गोष्ट हॉलची दिशा. जुन्या इंग्लिश घरात हॉल दर्शनी भिंतीला समांतर आडवा पडलेला असे आणि त्यात शिरायचं त्याच्या एका टोकाकडून. साहजिकच दार घराच्या मध्यावर येत नसे. स्मिथसनने हॉल काटकोनात फिरवला. आता मधल्या दारातून सरळ आत, हॉलच्या लांबीत. दर्शनी भाग डावी-उजवी तंतोतंत सारखा ठेवता आला तो या एका फिरवण्यामुळे. इंग्लंडमध्ये असा हॉल हार्डविकच्या आधी क्वचितच कुठे असेल.

९. आपल्या वाड्यासारखा मध्ये चौक का नाही?

इंग्लंडमध्येही मोठी घरं चौकाभोवतीच असायची. याच परगण्यातलं हॅडन हॉल बघा, दोन चौक आहेत. खोल्या चौकाकडे तोंड करून, बाहेरच्या बाजूला जाड भिंत. वाड्याचा हिशेबही तोच: उजेड आणि वारा आतून घ्यायचा, रस्त्याला पाठ दाखवायची. हार्डविकने चौक टाकूनच दिला. सगळं घर एका ठोकळ्यात आवळलं आणि तोंड बाहेर, दरीकडे केलं. देशात अंतर्गत लढाया थांबल्या होत्या म्हणूनच ही हिंमत झाली. चौक गेल्यावर उजेड बाहेरच्या भिंतीतूनच यायला हवा, म्हणजे खिडक्या आल्या, आणि तिथून पुढचे सगळे प्रश्न सुरू होतात.

१०. वरच्या मजल्यावरच्या खिडक्या खालच्यापेक्षा उंच का? साधारणपणे उलट असतं ना?

हा माझा आवडता प्रश्न. हार्डविकची दर्शनी भिंत म्हणजे मानपानाचा तक्ताच आहे, फक्त तो खालून वर वाचायचा.

तळमजल्यावर स्वयंपाकघर, कोठीघरं, नोकरांची ये-जा. खिडक्या ठेंगण्या. पहिल्या मजल्यावर बेसच्या रोजच्या राहण्याच्या खोल्या. खिडक्या जरा उंच. दुसऱ्या मजल्यावर दरबारी खोल्या: हाय ग्रेट चेंबर (दरबारी जेवणाचा मोठा दिवाणखाना), लाँग गॅलरी (फेऱ्या मारायचं लांबच लांब दालन), पाहुण्यांसाठीचं शाही शयनगृह. तिथे खिडक्या सर्वांत उंच. ज्याचा मान मोठा त्याचं छत उंच, आणि ज्याचं छत उंच त्याची खिडकी उंच. खाली टेकडीवरून घोड्यावर येणाऱ्या पाहुण्याला आत न शिरताच कळायचं, कोण कुठे बसतं.

पुढच्या शतकात इंग्लिश घरांनी मुख्य खोल्या पहिल्या मजल्यावर आणल्या, तेव्हा मोठ्या खिडक्याही तिथे उतरल्या. तुम्हाला 'उलट' वाटतं ते या नंतरच्या घरांची सवय डोळ्यांना झाल्यामुळे.

मानाचा हा चढता क्रम आतल्या माणसांना पायांनी अनुभवावा लागे, ते प्र. १५ मध्ये.

११. एवढी काच, तर घर उभं कशावर आहे?

मधल्या भिंतीवर. घराच्या लांबीतून एक जाडजूड कणा गेलाय. शेकोट्यांची बहुतेक धुराडी याच्यात आणि इतर आतल्या भिंतींत घातली. एरवी शेकोटी बाहेरच्या भिंतीत असते आणि ती खिडकीची जागा खाते. धुराडी आत घेतल्यामुळे बाहेरची भिंत खिडक्यांना मोकळी झाली. शिवाय सहा मनोरे सहा ठिकाणी घराला धरून आहेत. खिडकी म्हणजे एक मोठं भोक असंही समजू नका. दगडी उभे-आडवे दांडे, त्यात शिशाच्या पट्ट्यांत बसवलेले काचेचे छोटे तुकडे. एवढी मोठी अखंड काच तेव्हा करताच येत नव्हती.

१२. काही खिडक्या खोट्या आहेत म्हणे. खिडकी-कर वाचवायला ना?

खोट्या खिडक्या आहेत, हे खरं. कर मात्र नाही. इंग्लंडमध्ये खिडक्यांवर कर आला १६९६ मध्ये आणि गेला १८५१ मध्ये. त्या काळात अनेक घरांनी खिडक्या विटांनी बुजवल्या, म्हणून बुजलेली खिडकी दिसली की लोक कराची गोष्ट सांगतात. हार्डविक कराच्या शंभर वर्षं आधीचं आहे.

इथलं कारण प्र. ८ मधल्या सारखेपणाच्या हट्टात आहे. बाहेरून डावी-उजवी बाजू जुळलीच पाहिजे, आणि आतल्या खोल्या तर गरजेप्रमाणे लहानमोठ्या. मग कुठे काचेमागे भिंत किंवा धुराडं येतं. कुठे एकच उंच खिडकी आतून दोन बुटक्या मजल्यांना उजेड देते, म्हणजे वरच्या खोलीत उभं राहिलं तर खिडकी पायाशी सुरू झालेली दिसते. बाहेरून शिस्त, आत तडजोड.

१३. काच तेव्हा महाग होती. बेसला परवडली कशी?

कारण तिने बरंचसं विकत घेतलंच नाही. दगड टेकडीच्या उतारावरच्या तिच्याच खाणीतला. लाकूड तिच्या रानातलं. छपराचं शिसं डर्बीशायरमधलं. काचेचा कारखानाही तिचा स्वतःचा. बाकीच्यांना मिरवायला जी गोष्ट बाहेरून आणावी लागे ती तिच्या घरचीच. 'हार्डविक हॉल, भिंत कमी न् काच फार' अशा अर्थाची एक यमकाची ओळ इंग्लिशमध्ये रूढ आहे, तिच्यात कौतुक किती आणि टोमणा किती हे ऐकणाऱ्याने ठरवावं.

१४. थंडीत काय करत असतील?

कुडकुडत असतील. लाँग गॅलरी सुमारे ५० मीटर लांब, एक पूर्ण बाजू खिडक्यांची, आणि शेकोट्या फक्त दोन. बेसची निजायची खोली त्यामानाने लहान होती. १६०१ मध्ये तिने घरातल्या चीजवस्तूंची यादी करवली, तीत तिच्या पलंगावरची पांघरुणं आणि पडदे वाचताना दम लागतो. नुसते पलंगाभोवती पडदे नव्हेत, खिडकीवर टांगायला आणि दारावर टांगायला वेगळी जाड आच्छादनं. सत्तरीतली बाई, एवढ्या खिडक्या बांधल्या आणि मग त्यांच्यावर गोधड्या लटकवल्या!

१५. जिना असा लांब आणि वेडावाकडा का आहे?

कारण तो मिरवणुकीचा रस्ता आहे. हॉलमधून निघतो, वळतो, अंधारातून जातो, अचानक खिडकीपाशी उजेडात येतो, पुन्हा वळतो आणि तुम्हाला हाय ग्रेट चेंबरच्या दारात आणून सोडतो. दगडी रुंद पायऱ्या, कुठेही लाकडी कोरीव कठडा नाही. पुढच्या काळातल्या जिन्यांसारखा तो बघायचा नाही, चढायचा आहे. दरबारी जेवणाच्या वेळी ताटं तळमजल्यावरच्या स्वयंपाकघरातून याच वाटेने, ओळीने, इतमामात वर जात. गरम राहत असतील असं मला वाटत नाही.

वर पोचल्यावर पहिली नजर भिंतीच्या वरच्या पट्ट्यावर जाते: रंगवलेल्या गिलाव्यात रान, हरणं आणि शिकारीची देवता डायाना. कुमारी देवता म्हणजे कुमारी राणीला मुजरा. त्याखाली ग्रीक कथांमधल्या युलिसीसच्या कथेच्या टॅपेस्ट्री, म्हणजे विणलेले चित्रपडदे. ते बेसने घर सुरू होण्याआधीच १५८७ मध्ये घेतले होते. खोली पडद्यांच्या मापाने बांधली आहे. पडदे जिथे संपतात तिथे रान सुरू होतं. राणी मात्र इथे कधीच आली नाही.

१६. लाँग गॅलरीत करायचे काय?

चालायचे. पाऊस असला की व्यायाम, गप्पा, खासगी बोलणी, आणि भिंतीवर नात्यातल्या व राजघराण्यातल्या लोकांची चित्रं दाखवून आपण कुणाच्या पंगतीत बसतो ते पाहुण्याला सांगणं. शेकोट्यांवर न्याय आणि दया यांच्या अलाबास्टरच्या मूर्ती आहेत. हवा चांगली असेल तर चालणं वर गच्चीवर, शिशाच्या पत्र्यांवरून थेट एका मनोऱ्यातल्या छोट्या खोलीपर्यंत, जेवणानंतरचं गोडधोड खायला.

१७. संडासाची सोय?

भिंतीत बांधलेले जुन्या किल्ल्यांसारखे संडास इथे नाहीत. झाकणाची पेटी, आत भांडं, आणि भांडं उचलणारा नोकर. बेसची पेटी निळ्या कापडाने मढवलेली होती, तीही प्र. १४ मधल्या यादीत आहे.

१८. गॅलरीतल्या टॅपेस्ट्रीवर दुसऱ्याच कुणाचं घराण्याचं चिन्ह आहे, हे खरं का?

होतं. बायबलमधल्या गिडियनच्या कथेच्या या १३ टॅपेस्ट्री राणीचा चॅन्सलर सर ख्रिस्तोफर हॅटन याने करवून घेतल्या होत्या. तो कर्जात वारला आणि बेसने १५९२ मध्ये त्या ३२६ पौंडांना उचलल्या. हॅटनचं चिन्ह बदलावं लागणार म्हणून ५ पौंड कमी करून घेतले. मग नवं विणून न घेता, आपलं चिन्ह रंगवलेले कापडाचे तुकडे जुन्यावर शिवून टाकले. एवढी श्रीमंत आणि ठिगळ! आज हे घर सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेने या १३ पडद्यांचं जतनकाम एकेक करून केलं, त्याला २४ वर्षं लागली, २०२३ मध्ये संपलं.

१९. ही शैली कोणती? गॉथिक की रेनेसाँ?

दोन्हींचं मिश्रण (गॉथिक म्हणजे मध्ययुगीन चर्चची शैली, रेनेसाँ म्हणजे इटलीतून आलेली, प्राचीन रोमच्या नमुन्यावरची), आणि ते अपुरं ज्ञान म्हणून झालेलं नाही. दाराशी रोमन पद्धतीचे खांब, मनोऱ्यांवर नेदरलँड्सच्या नमुनावह्यांतली पट्ट्यांची नक्षी, सारखेपणाचा आग्रह इटालियन. पण दगडी दांड्यांच्या महाकाय खिडक्या थेट इंग्लिश गॉथिक चर्चमधून आल्यात. पुस्तकात नाव हवंच असेल तर 'एलिझाबेथन' म्हणा.

२०. स्कॉट्सची राणी मेरी इथे कैदेत होती ना? तिच्या नावाची खोलीसुद्धा आहे.

खोली आहे, राणी नव्हती. मेरी १५६९ ते १५८४ बेसच्या चौथ्या नवऱ्याच्या पहाऱ्यात होती, म्हणून हा गोंधळ. पण तिचा शिरच्छेद फेब्रुवारी १५८७ मध्ये झाला आणि या घराचा पाया १५९० चा. ती राहिली ती जुन्या चॅट्सवर्थमध्ये आणि अर्लच्या इतर घरांत. नंतरच्या पिढ्यांना दुःखी राणीची गोष्ट हवीहवीशी वाटली आणि खोली तशी सजवली गेली. या घरात खरोखर अडकून पडलेली म्हणायची तर बेसची नात आर्बेला स्टुअर्ट. सिंहासनावर तिचा हक्क सांगता येत होता म्हणून आजीने तिला नजरेआड होऊ दिलं नाही.

२१. चारशे वर्षांत कुणी बदल कसे केले नाहीत?

दुर्लक्षामुळे. हार्डविक मिळालं बेसच्या दुसऱ्या मुलाला, विल्यमला. तो पुढे डेव्हनशायरचा अर्ल झाला आणि घराण्याकडे चॅट्सवर्थही आलं. घराण्याने बिऱ्हाड तिकडे थाटलं. १६८७ पासून चॅट्सवर्थ नव्या फॅशनप्रमाणे पाडून बांधलं गेलं, त्यात बेसचं तिथलं घर नाहीसं झालं. हार्डविक मागे पडलं. अधूनमधून कुणी येऊन राही. तत्त्वज्ञ थॉमस हॉब्ज घराण्याचा शिक्षक होता, तो १६७९ मध्ये इथेच वारला. फॅशन आली की चॅट्सवर्थ बदलायचं, जुनं सामान हार्डविकला पाठवायचं. घराण्याचा अर्ल हा किताब पुढे ड्यूकपर्यंत चढला होता; १९५० मध्ये दहावा ड्यूक वारल्यावर भरमसाट वारसा-कर आला, त्यापोटी हे घर सरकारकडे आणि १९५९ मध्ये नॅशनल ट्रस्टकडे गेलं. शेवटची रहिवासी डचेस एव्हलिन, नवव्या ड्यूकची विधवा. स्वतः बसून पडदे रफू करायची.

२२. काचेचं घर म्हणून गेलो, आत तर अंधार! असं का? आणि जायची वेळ कोणती चांगली?

सूर्यप्रकाशाने जुने रेशीम आणि लोकर विटते, म्हणून खिडक्यांवर पडदे अर्धवट ओढलेले असतात. उजेडासाठी बांधलेलं घर आज त्याच उजेडापासून वाचवावं लागतंय. आत गेल्यावर पाच मिनिटं डोळ्यांना द्या, रंग हळूहळू वर येतात. खिडक्या बघायच्या तर बाहेरून. दर्शनी बाजू पश्चिमेकडे आहे, तेव्हा दुपारी आतून घर बघून घ्या आणि ऊन उतरेपर्यंत समोरच्या अंगणात थांबा. मावळतीला काचा पेटतात, त्यातही सर्वांत वरची रांग शेवटी विझते.